विश्रांती म्हणजे नेमकं काय? जुळ्यांच्या गरोदरपणातली एक संशोधनकथा

सिनॉप्सिस घेऊन गेलात की गाईड पहिला प्रश्न विचारतात, ‘तुमचा व्हेरिएबल नेमका कोणता?’ हा प्रश्न विचारायला उशीर झाला तर काय होतं, ते आज एका जुन्या गोष्टीतून बघू. गोष्ट आहे जुळं असलेल्या बाईला दवाखान्यात पाडून ठेवण्याची.

विषय माझ्या घरातून आला. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. काही वर्षांपूर्वी वहिनीच्या सोनोग्राफीत जुळं दिसलं आणि सातव्या महिन्यात तिला भरती व्हायला सांगितलं. बीपी नॉर्मल, रक्तस्राव नाही, कळा नाहीत. कारण एकच, जुळं आहे म्हणून पडून राहा. ऐन हळद काढणीचे दिवस. वहिनीची मजुरी बुडाली, सोबत राहिलेल्या आईचीही बुडाली. बाळं नीट झाली. घरात सगळे म्हणतात, ‘पडून राहिली म्हणून झालं.’ रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर येईपर्यंत मीही तेच म्हणायचे.

आता मागे जाऊ. १८९५ साली पॅरिसमध्ये अडॉल्फ पिनार या प्रसूतितज्ज्ञाने बाळांची वजनं मांडली. बाळंतपणापर्यंत काम करणाऱ्या बायकांपेक्षा आधी आश्रयगृहात राहून विश्रांती घेतलेल्या बायकांची बाळं सरासरी सुमारे ३०० ग्रॅमने जड होती. निष्कर्ष सरळ वाटतो ना? पण थांबा. आश्रयगृहात विश्रांतीबरोबर दोन वेळचं जेवणही होतं. दुसरं, जिचं बाळंतपण लवकर झालं तिला तिथे राहायला दिवसच कमी मिळाले. म्हणजे जास्त दिवस राहिलेल्या बाईचं बाळ पूर्ण दिवसांचं असण्याची शक्यता मुळातच जास्त. मग वजन कशामुळे वाढलं? विश्रांती, जेवण, की दिवस? एका ‘विश्रांती’ या शब्दात तिन्ही गोष्टी अडकल्या होत्या.

इथून दोन वाटा फुटल्या. पहिली वाट हक्काची, म्हणजे कामातून सुट्टी आणि हातात पैसे. आपल्याकडे या वाटेवरचा मोठा टप्पा मुंबईचा. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूती लाभ विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. देशभरासाठीचा कायदा १९६१ चा.

दुसरी वाट खाटेची. जुळी बहुतेकदा लवकर जन्मतात, पोटावर भार जास्त, मग आडवं राहिलं तर दिवस वाढतील, असं हे तर्कशास्त्र. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या अनेक प्रसूतिगृहांत जुळं असलेल्या बाईला शेवटचे काही आठवडे भरती करून घेण्याची पद्धत पडली. पुरावा म्हणून आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं अशी तुलना व्हायची. पण त्याच काळात रक्त देण्याची सोय, अँटिबायोटिक्स, नवजात बाळाची काळजी, सगळंच सुधारत होतं. श्रेय मात्र खाटेला मिळालं.

खरी चाचणी झाली ती झिंबाब्वेतल्या हरारेमध्ये. जुळं असलेल्या २१२ बायका घेतल्या. कोण भरती होणार आणि कोण घरीच राहून तपासणीला येणार, हे डॉक्टरने ठरवलं नाही. चिठ्ठी टाकावी तसं नशिबावर सोडलं. त्यामुळे दोन्ही गट बाकी सगळ्या बाबतींत साधारण सारखे झाले. १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. भरती केल्याने दिवस वाढले नाहीत. उलट वेळेआधी बाळंत होणाऱ्या बायका भरती झालेल्या गटातच जास्त निघाल्या. पुढे अशा चाचण्या एकत्र करून कॉक्रेनचे आढावे झाले. काहींमध्ये बाळाच्या वजनाबाबत थोड्या फायद्याची खूण दिसली, पण फक्त जुळं आहे म्हणून सरसकट पाडून ठेवावं, याला आधार मिळाला नाही. शिवाय फार दिवस पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडं कमजोर होतात.

इथे दोन सावधगिऱ्या. एक, बीपी वाढलंय, रक्तस्राव आहे, किंवा अवघड केस नांदेडला हलवावी लागेल आणि गाव आडवाटेला आहे, अशा वेळी भरती होणं हा वेगळा प्रश्न आहे. हरारेच्या चाचणीने त्याचं उत्तर दिलेलं नाही. कोणाला सल्ला द्यायला हा लेख वापरू नका, तो डॉक्टरांचा विषय. दोन, ‘खाटेचा फायदा दिसला नाही’ याचा अर्थ ‘गरोदर बाईने हळदीच्या वाफ्यात वाकून काम करावं’ असा होत नाही. खाट आणि कामातून सुट्टी हे दोन वेगळे व्हेरिएबल आहेत. चाचणी पहिल्याची झाली.

आणि नेमकी दुसरीच गोष्ट आमच्याकडे अवघड आहे. बाळंतपणाची कायदेशीर पगारी रजा, आता २६ आठवड्यांची, शेतमजूर बाईपर्यंत पोचत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात गरीब गरोदर बाईला ४००० रुपये देण्याची योजना आहे. तिचं नाव ‘बुडीत मजुरी’. मला हे नाव फार नेमकं वाटतं, कारण विश्रांतीची किंमत कोण मोजतं, ते त्यात थेट सांगितलंय. वहिनीचे दोन महिने आणि हे ४००० रुपये शेजारी ठेवून बघा.

वहिनीचं काय? एका केसवरून मी काहीच सिद्ध करू शकत नाही, ना खाटेच्या बाजूने, ना विरोधात. ती घरी राहिली असती तर काय झालं असतं, हे कोणालाच दिसलेलं नाही. म्हणून तर कंट्रोल ग्रुप लागतो.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘विश्रांती’सारखा एखादा मोठा, प्रेमळ शब्द असेल तर तो आजच फोडा. त्यात काय काय दडलंय ते एकेका ओळीत लिहा. आणि अभ्यास माणसांवरचा असेल, तर तक्त्यात बुडालेल्या मजुरीचा एक रकाना जरूर ठेवा.