‘सकर’ या नावाचा इतिहास : दख्खनच्या नद्या, गृहमत्स्यालय आणि लांब परांचा ब्रिसलनोज
(नाशिक परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

शोभिवंत माशांचे घरगुती संगोपन हा सहसा छंदाचा किंवा फार तर मत्स्यव्यवसायाचा विषय समजला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आहे. दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारे मासे दख्खनच्या नद्यांत पूर्वीपासून आहेत. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत त्यांची शास्त्रीय नोंद झाली व त्यांना नावे मिळाली. त्यानंतर दक्षिण अमेरिकेतील तशाच सवयीचे मासे काचेच्या पेटीतून आपल्याकडे आले. मात्र बाजाराने त्या सर्वांना ‘सकर’ हे एकच नाव दिले. या एका नावाखाली लहान राहणारा, घरी पैदास करता येणारा ब्रिसलनोज आणि हातभर वाढून अखेर जलाशयात सोडला जाणारा मोठा मासा असे दोन भिन्न प्राणी एकत्र झाले. नावाच्या या गोंधळाचे मोल नद्यांना द्यावे लागत आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : शोभिवंत मासे, ब्रिसलनोज, सकर, दारणा नदी, देवळाली, नामकरण, परकीय प्रजाती.

प्रस्तावना

मानव आणि मासा यांचा संबंध केवळ आहारापुरता नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांची चर्चा येते. मासा पाळणे, त्याला चारणे व त्याचे निरीक्षण करणे यांत राजाला रस होता, एवढे त्यावरून निश्चित होते. पुढे या प्रकरणाकडे आधुनिक मत्स्यविज्ञानाच्या अंगाने लक्ष वेधले ते डॉ. सुंदरलाल होरा यांनी. याच होरांनी नाशिकजवळच्या देवळाली येथील माशांचाही अभ्यास केला. प्राचीन ग्रंथ आणि वाहती नदी या दोन्ही साधनांकडे सारख्याच आस्थेने पाहणारा हा संशोधक प्रस्तुत विषयाचा एक महत्त्वाचा दुवा ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. दख्खनमधील, विशेषतः नाशिक परिसरातील, शेवाळ खाणाऱ्या माशांच्या शास्त्रीय नोंदीचा इतिहास पाहणे.
२. गृहमत्स्यालयाच्या प्रसाराबरोबर आलेल्या परकीय माशांच्या नामकरणातील गोंधळ स्पष्ट करणे.
३. लांब परांच्या ब्रिसलनोजच्या घरगुती पैदाशीचे स्वरूप व तिचे महत्त्व तपासणे.

संशोधन पद्धती

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साधनांचा आधार घेतला आहे.

१. मराठी नावे शास्त्रात जातात

दख्खनच्या माशांची पहिली पद्धतशीर नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केली. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी माहिती गोळा करीत असताना त्यांनी या प्रदेशातील पशुपक्षी व मासे यांचा अभ्यास केला. १८३९ मध्ये त्यांनी अनेक नव्या प्रजातींची वर्णने प्रसिद्ध केली. या वर्णनांचे वैशिष्ट्य असे, की त्यांतील कित्येक शास्त्रीय नावे कोळ्यांच्या तोंडच्या शब्दांवरून घेतलेली आहेत. ‘खुद्री’, ‘कोलूस’, ‘नुक्ता’, ‘मुल्या’ ही नावे रोमन लिपीत, थोडी वाकडी होऊन का होईना, जागतिक शास्त्रात कायमची रुजली. यांतील ‘गारा मुल्या’ हा मासा आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. त्याच्या हनुवटीवर चकतीसारखा अवयव असतो. त्याच्या साहाय्याने तो वाहत्या पाण्यात खडकाला धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो.

वसाहतकालीन ज्ञाननिर्मिती ही सत्तेच्या गरजेतून झाली, हे मान्य करावेच लागते. तथापि साइक्स यांच्या नोंदीत स्थानिक ज्ञान अजिबात पुसले गेले नाही. कोळ्याने माशाला ज्या नावाने ओळखले, ते नाव शास्त्राच्या कोशात शिल्लक राहिले. कोळ्याचे स्वतःचे नाव मात्र राहिले नाही, हेही तितकेच खरे.

२. देवळालीचा मासा

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘देवळालीचे मासे’ या विषयावर लेखमाला प्रसिद्ध झाली. सोसायटीशी संबंधित ए. जी. एल. फ्रेझर यांनी दारणा नदीच्या परिसरात जमवलेले नमुने हा तिचा आधार होता. होरा यांनी येथील एका चपळ, लहान माशाला फ्रेझर यांचे नाव दिले. १९३८ मध्ये होरा व के. एस. मिश्रा यांनी ‘पॅराप्सिलोरिंकस प्रेटरी’ या माशाचे वर्णन केले. हे नाव सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या गौरवार्थ आहे. डोंगरी प्रवाहात तळाशी, दगडांच्या आधाराने राहणारा हा मासा इंग्रजीत आजही देवळालीच्या नावाने ओळखला जातो. याच वंशातील दुसरी एक प्रजाती अ‍ॅनन्डेल यांनी १९१९ मध्ये खंडाळ्याहून वर्णिली होती.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने ही घटना लहान नाही. ज्या गावाची ओळख लष्करी छावणीमुळे झाली, त्याच गावामुळे एका माशाचीही जगाला ओळख झाली. परंतु नाव मिळाले म्हणून मासा सुरक्षित झाला असे नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या माशाची गणना अतिसंकटग्रस्त गटात झाली आहे. धरणे, बदललेला प्रवाह, वाळूउपसा आणि सांडपाणी यांमुळे खळाळत्या पाण्यातील माशांचा अधिवास सर्वत्रच आकुंचित होत गेला आहे. नाशिककरांपैकी किती जणांना हा मासा नावाने तरी ठाऊक आहे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

३. काचेची पेटी आणि बाजारातील नाव

आधुनिक मत्स्यालयाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील इंग्लंडमध्ये झाला. पाणवनस्पती आणि मासे यांचा समतोल साधल्यास बंद पात्रातील पाणी टिकते, हे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये दाखवून दिले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. महाराष्ट्रात या परंपरेची सर्वांत परिचित खूण म्हणजे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. काचेपलीकडचा मासा सर्वसामान्य मराठी माणसाने पाहिला तो बहुधा येथेच. पुढे मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांतून, तसेच कोलकाता व चेन्नईच्या पैदासकेंद्रांतून शोभिवंत मासे जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले आणि मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात काचेची पेटी आली.

पेटी आली की काचेवर शेवाळ येते, आणि शेवाळ आले की ते खाणारा मासा हवा असतो. ही गरज दक्षिण अमेरिकेतील लोरिकॅरिइडी कुलातील माशांनी भागवली. त्यांच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते आणि ओठ पसरट होऊन चूषकासारखे झालेले असतात. बाजाराने त्यांना ‘सकर’ हे सुटसुटीत नाव दिले. येथेच अडचण सुरू झाली, कारण या एका शब्दात किमान दोन अगदी वेगळे मासे सामावले गेले.

पहिला ‘टेरिगोप्लिक्थिस’ या वंशातील मासा. दुकानात तो बोटाएवढा दिसतो. पण पुढे तो एक ते दीड फूट वाढतो. त्याच्या पाठीवरचा पर शिडासारखा मोठा असतो. हवेतून श्वास घेण्याची त्याची क्षमता असल्याने गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो. विणीसाठी तो काठाच्या मातीत बिळे करतो. दुसरा ‘अ‍ॅन्सिस्ट्रस’ वंशातील ब्रिसलनोज. तो साधारणतः चार-पाच इंचांवर थांबतो. प्रौढ नराच्या नाकाडावर मांसल, फांद्यांसारख्या स्पर्शिका फुटतात आणि त्यावरूनच त्याचे नाव पडले. घरच्या पेटीला योग्य असा हा दुसरा मासा आहे. परंतु ‘सकर’ मागणाऱ्याच्या पिशवीत बहुधा पहिलाच येतो.

पेटीत न मावणाऱ्या माशाचे पुढे काय होते, याचे उत्तर नद्या व तलाव देतात. मासा मारण्याचे पाप नको म्हणून अनेक जण तो जवळच्या पाण्यात ‘सोडून’ देतात. भीमा नदीवरील उजनी जलाशयात हा मासा कोळ्यांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशातही त्याने ठाण मांडले आहे. ज्या भीमेच्या खोऱ्यातील कोळ्यांनी साइक्स यांना माशांची नावे सांगितली, त्याच खोऱ्यातील आजच्या कोळ्याला आपल्या जाळ्यातील माशासाठी दुकानातला इंग्रजी शब्द वापरावा लागतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांतील ही उलथापालथ पुरेशी बोलकी आहे.

४. ब्रिसलनोजची घरगुती पैदास

नावाचे महत्त्व या छंदातील जाणकारांनीही ओळखले होते. शास्त्रीय वर्णन न झालेले असंख्य मासे बाजारात येऊ लागल्यावर १९८८ पासून ‘डाट्झ’ या जर्मन नियतकालिकाने त्यांना ‘एल’ क्रमांक देण्यास प्रारंभ केला. नाव नाही तर निदान क्रमांक तरी असावा, ही त्यामागील भूमिका होती.

लांब परांचा ब्रिसलनोज ही निसर्गातील स्वतंत्र प्रजाती नाही. बंदिस्त पैदाशीत उद्भवलेल्या व माणसाने निवडून जोपासलेल्या गुणाचे ते रूप आहे. संवर्धकांच्या अनुभवानुसार हा गुण प्रभावी असल्याने पालकांपैकी एकाचे पर लांब असले तरी काही पिले तशी निपजतात. म्हणूनच लांब परांची जोडी लांब परांशीच सतत लावण्याऐवजी साध्या परांच्या सशक्त माशाशी लावणे इष्ट समजले जाते. पर अतिशय लांबले तर पोहणे अवघड होते आणि ते फाटून जंतुसंसर्गही होतो. एकाच जोडीच्या पिलांत पुन्हा पुन्हा संकर झाल्यास वाण दुबळे होते. त्यामुळे वंशावळीची वही ठेवणे हे या कामाचे पहिले साधन होय.

या माशाची वीण गुहेत होते. मातीच्या नळीचा तुकडा, फुटके मडके किंवा नारळाची करवंटी त्यासाठी पुरते. नर गुहा निवडतो आणि मादी आत नारिंगी अंड्यांचा घोस घालून निघून जाते. पुढील सर्व जबाबदारी नराची असते. तो दाराशी बसून परांनी पाणी हलवत राहतो आणि अंडी स्वच्छ ठेवतो. साधारण २६ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे पाच दिवसांत पिले बाहेर येतात व आणखी काही दिवस पोटाखालच्या बलकावर राहतात. नराच्या नाकाडावरील स्पर्शिका पिलांसारख्या दिसत असाव्यात आणि ‘हा चांगला बाप आहे’ अशी खूण त्यामुळे मादीला पटत असावी, असे अनुमान सबाज, आर्मब्रुस्टर व पेज या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले आहे.

पिलांना उकडलेला पालक, काकडी व दुधी भोपळा चालतो. पेटीत भिजलेले लाकूड असावे, कारण हा मासा तेही खरवडतो. पाणी थोडे थंड पाण्याने बदलले की वीण अनेकदा सुरू होते. पावसाळ्यातील उतरते तापमान त्यास पोषक ठरते. नाशिकचा हिवाळा मात्र कडक असतो. पारा दहा अंशांखाली जातो तेव्हा हीटर अनिवार्य होतो, तर एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापू न देणे हीच कसोटी असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी पाणी दिवसभर उघडे ठेवावे अथवा हायपो वापरावा. एका पेटीत एकच नर ठेवणे श्रेयस्कर, अन्यथा गुहेसाठी भांडणे होतात.

ही माहिती छंदापुरती नाही. गावातल्या गावात पैदास झालेला, नाव व वंश माहीत असलेला लहान मासा उपलब्ध झाला, तर अनोळखी मोठा ‘सकर’ विकत घेण्याचे कारण उरत नाही. अर्थात ब्रिसलनोजही परकीयच आहे. जास्त झालेली पिले दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावीत, दुकानदारास परत करावीत. गोदावरीत, दारणेत अथवा गंगापूर धरणात एकही सोडता कामा नये. १९०८ मध्ये गप्पी आणि १९२८ मध्ये गॅम्बुसिया हे मासे डास-निर्मूलनासाठी, तर १९५२ मध्ये टिलापिया मत्स्योत्पादनासाठी भारतात आणले गेले. हेतू चांगला असूनही परकीय मासा पाण्यात शिरला की परत काढता येत नाही, हाच या इतिहासाचा धडा आहे.

निष्कर्ष

१. शेवाळ खरवडणारा मासा दख्खनला नवीन नाही. ‘गारा मुल्या’ व देवळालीचा ‘पॅराप्सिलोरिंकस’ ही त्याची देशी उदाहरणे होत.
२. एकोणिसाव्या शतकातील नोंदींत स्थानिक नावांना स्थान मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बाजाराने भिन्न प्राण्यांना एकाच नावात कोंबले.
३. ‘सकर’ या संदिग्ध नावामुळे मोठ्या वाढीचे मासे घरात व तेथून जलाशयांत पोहोचण्यास हातभार लागला.
४. नोंदी ठेवून केलेली ब्रिसलनोजची घरगुती पैदास हा या प्रश्नावरील मर्यादित, परंतु व्यवहार्य उपाय आहे.

समारोप

महाविद्यालयांच्या अनेक प्राणिशास्त्र विभागांत मत्स्यालयाची पेटी असते आणि इतिहास विभागात स्थानिक इतिहासाचे प्रकल्प होतात. या दोन्हींची सांगड घालणे कठीण नाही. विद्यार्थ्यांनी दारणा व गोदाकाठच्या कोळ्यांकडून माशांची नावे टिपून घ्यावीत आणि विभागातील पेटीवर माशाचे पूर्ण नाव, मूळ प्रदेश व वाढ लिहावी. साइक्स यांच्या वेळी हे काम एका परक्या अधिकाऱ्याने केले. आज ते आपल्या विद्यार्थ्यांनी करावयाचे आहे, आणि या वेळी मासा सांगणाऱ्या कोळ्याचे नावही नोंदीत राहिले पाहिजे.