तीन मित्र आणि एक रुपया

आजच्या सातवीतल्या मुलाला रुपयाचे तीन सारखे भाग करायला सांगितले तर तो ३३ पैसे लिहील आणि उरलेल्या एका पैशाचं काय करायचं म्हणून आपल्याकडे बघत बसेल. १९५७ पूर्वीच्या मुलाने पाटीवरून मान न उचलता सांगितलं असतं, पाच आणे चार पै. बाकी शून्य!

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. या १९२ ला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. पाच जणांचं मात्र जमत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेणारे आमचे गुरुजी छडी का उगारत, ते पुढे मी स्वतः हिशेब शिकवायला लागल्यावर कळलं. बाजारात आणि हॉटेलात कागद-पेन्सिल घेऊन कोण बसणार?

हॉटेलात तर बिलाचा कागद बऱ्याच ठिकाणी नसायचाच. मुंबई-पुण्याच्या इराण्याकडे तुम्ही उठलात की वेटर लांबूनच गल्ल्यावरच्या शेटला ओरडून आकडा सांगायचा, सोबत तुमची ओळखही. काळी टोपी, इतके आणे! बिल तपासायचं ते टेबल ते गल्ला एवढ्या वीस पावलांत, आणि तेही मनातल्या मनात. आकडा चुकला तर तिथेच हरकत घ्यायची, कारण शेजारच्या टेबलांनीही तो ऐकलेला असे. काही खाल्लं नाही, प्यायलं नाही, फक्त ग्लास फोडला त्याचे बारा आणे, हा जो जुना विनोद आहे त्यातली गंमत हा पुकारा ऐकलेल्यांनाच पुरती कळते.

मग १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. मी तेव्हा दुसरीत होतो. रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि दुकानादुकानात आण्यांचे पैसे करायचे तक्ते लागले. एक आणा म्हणजे खरं तर सव्वासहा पैसे, पण सव्वासहा देणार कसे? म्हणून नियम असा की अर्धा किंवा त्याहून कमी पैसा सोडून द्यायचा, जास्त असेल तर पूर्ण धरायचा. त्यामुळे एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस.

आता गंमत बघा. समजा चहा एक आण्याला आहे आणि चौघे मित्र चहा प्यायले. एकाने सगळ्यांचे दिले तर पंचवीस पैसे, प्रत्येकाने आपापले दिले तर चोविसातच भागलं! कॉलेजची पोरं ज्याला टीटीएमएम म्हणतात, तुझं तू माझं मी, त्यात तेव्हा चक्क एका पैशाचा फायदा होता. पुढे १ जून १९६४ पासून पैशामागचा 'नया' गेला, ३० जून २०११ नंतर चार आण्यांचं नाणंही गेलं.

टिपेचं गणितही बदललं. आण्यांत शेकडा दहा काढणं म्हणजे डोक्याला ताप. रुपयाचे एक आणा सात पै, आणि वर पैचा पाचवा हिस्सा. माणसं आपली बडीशेपेच्या बशीत हाताला येईल ते नाणं ठेवत. त्याला बक्षीस म्हणत. दिवाळीत दिली जाई ती पोस्त, ती वेगळी. शंभराचा रुपया आणि छापील बिल आलं, तसं टिपेलाही शेकड्याचं माप लावणं सोपं झालं. मला स्वतःला बशीतलं नाणं जास्त आवडतं. ते कुणाच्या हातात गेलं ते दिसतं तरी.

आजचं बिल छापून येतं म्हणून आपण ते वाचत नाही. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर आम्ही सहा जण असतो. पदार्थांचे बाराशे झाले असं धरा. त्यावर केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के जीएसटी मिळून साठ, एकूण १२६०. पण मध्ये दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' घातला, तर आधी १३२० होतात आणि जीएसटी त्या १३२० वर लागतो. झाले १३८६. म्हणजे दहा टक्के म्हणत साडेदहा गेले, माणशी एकवीस रुपये. हा आकार बिलात आपोआप लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलं. तेव्हा तो आकडा दिसला तर काढायला सांगावं, आणि वेटरला द्यायचं ते त्याच्या हातात द्यावं.

आता भागाकार. १२६० भागिले सहा, २१० रुपये. हिशेब बिनचूक. पण आमच्यातले एक सर विनाअनुदानित शाळेत आयुष्य काढलेले, पेन्शन नाही. ते फक्त चहा घेतात. चहा तीस रुपये, करासकट साडेएकतीस. सारख्या वाटणीत त्यांनी २१० द्यायचे? ते दोन महिने आलेच नाहीत तेव्हा आमच्या बाईंनी कारण ओळखलं आणि फर्मान काढलं, यापुढे ज्याचं त्याने. मोबाईलवरून पैसे पाठवता येतात, तेव्हा सुट्ट्यांची सबबही उरलेली नाही.

सर मोबाईलवरून पैसे पाठवत नाहीत. गेल्या खेपेला त्यांनी बत्तीस रुपये मोजून माझ्या हातात दिले, दहाची एक नोट बडीशेपेच्या बशीत ठेवली आणि म्हणाले, "वरचे आठ आणे जमा धरा."