मुलांची संगीत शिकवणी ऑनलाइन : काय साधते, काय निसटते

गाणे ही समोर बसून शिकण्याची विद्या आहे, अशी आपल्याकडची परंपरागत धारणा. गुरूने तंबोरा जुळवावा, शिष्याने त्यात आपला षड्ज मिळवावा आणि गुरूच्या गळ्यातून निघालेली जागा लगेच आपल्या गळ्यातून काढण्याचा प्रयत्न करावा, हा तालमीचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हा क्रम एकाएकी खंडित झाला. गायन-वादनाचे वर्ग बंद पडले, शिक्षकांनी मोबाइल आणि संगणकाचा आधार घेतला. पुढे टाळेबंदी उठली, तरी ही पद्धत टिकून राहिली. लहान गावात तबला शिकवणारे कोणी नसते, परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना जवळपास गुरू मिळत नाही आणि मोठ्या शहरात शिक्षक असले, तरी जाण्या-येण्यात संध्याकाळ संपते. अशा घरांना ऑनलाइन शिकवणी हाच व्यवहार्य मार्ग वाटतो.

मात्र सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत गळ्याला आणि हाताला लागलेली सवय पुढे सहजी सुटत नाही. सूर किंचित उतरलेला असेल, लय पुढे पळत असेल आणि ते शिक्षकाच्या कानापर्यंत पोहोचतच नसेल, तर मूल चुकीचेच पक्के करीत जाते. म्हणूनच या माध्यमातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे पालकांनी आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

यंत्राशी जुनाच परिचय

संगीत शिक्षणात नवी साधने येण्याची ही पहिली वेळ नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तेव्हा घराण्याच्या चौकटीबाहेर, वर्गात बसवून आणि छापील पुस्तके हाती देऊन गाणे शिकवण्याची कल्पनाच अनेकांना विचित्र वाटावी अशी होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वरलिपीसह बंदिशी छापल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ घरोघरी गेली. १९०२ मध्ये गौहरजान यांचे गाणे कोलकात्यात ध्वनिमुद्रित झाले. पुढे तबकड्या, आकाशवाणी आणि ध्वनिफिती ऐकून कित्येकांनी आपला कान तयार केला. १९७९ मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला आणि एकट्याने रियाज करणाऱ्यांची मोठी सोय झाली.

या प्रत्येक साधनाने गुरूच्या कामाचा एखादा भाग उचलला. पुस्तकाने स्मरणाचा, तबकडीने श्रवणाचा, तर विजेवरच्या तंबोऱ्याने साथीचा. गुरूचे ऐकणे आणि सुधारणे मात्र कोणालाही उचलता आले नव्हते. दूर बसलेल्या गुरूने ऐकावे आणि सुधारावे, ही अपेक्षा प्रथमच ऑनलाइन शिकवणीकडून केली जात आहे. तिची खरी कसोटी तेथेच लागते.

विलंबाचे गणित

मुलाने गायलेला स्वर माइकमधून यंत्रात जातो, त्याचे अंकांत रूपांतर होते, तो आक्रसला जातो, लहान लहान तुकड्यांत जाळ्यावरून प्रवास करतो आणि पलीकडे पुन्हा जुळवला जातो. या साऱ्याला वेळ लागतो. एकमेकांसोबत गाताना किंवा वाजवताना सुमारे २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब माणसाला सहसा जाणवत नाही. एका खोलीत दहा मीटर अंतरावर बसलेल्या साथीदाराचा आवाज साधारण तेवढ्याच वेळात कानी पडतो. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये मात्र जाऊन-येऊन २०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात.

गप्पा मारताना हा विलंब खटकत नाही. तालात मात्र तो घातक ठरतो. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत एक मात्रा एका सेकंदाची असते. तेथे ३०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे एक तृतीयांश मात्रेच्या जवळपास. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तोच उशीर अर्ध्या मात्रेहून अधिक होतो आणि २४० मात्रांच्या द्रुत लयीत एका मात्रेलाही ओलांडून जातो. शिक्षकाने ठेका धरला आणि मुलाने त्यावर गायले, तर मूल अचूक समेवर येऊनही शिक्षकाला ते चुकल्यासारखे ऐकू येते. शिक्षक ‘पुढे ये’ असे सांगतो आणि मूल लय पळवू लागते. अशा वेळी दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. चूक असते ती केवळ माध्यमाची.

इंटरनेट अधिक वेगवान घेतल्यास हा प्रश्न मिटेल, हा समजही पूर्णपणे खरा नाही. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे सरळ रेषेत तार टाकली, तरी एका बाजूने ६० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जाणारच. ‘जॅकट्रिप’, ‘जामुलस’ यांसारखी खास संगीतकारांसाठी केलेली सॉफ्टवेअर विलंब पुष्कळ कमी करतात. परंतु ती एकाच शहरात किंवा जवळच्या शहरांत, तारेने जोडलेल्या संगणकांवर उपयोगी पडतात. खंडांमधील अंतर त्यांनाही पुसता येत नाही.

यातून शिकवण्याचा एक साधा नियम निघतो. ऑनलाइन वर्गात गुरू-शिष्यांनी एकाच वेळी गाऊ किंवा वाजवू नये. गुरूने म्हणावे, मुलाने ऐकावे. मग मुलाने म्हणावे, गुरूने ऐकावे. तंबोरा आणि ठेका नेहमी गाणाऱ्याच्या बाजूला, त्याच्याच खोलीत सुरू असावा. मुलाच्या घरी वाजणारा ठेका आणि मुलाचा आवाज एकत्रच प्रवास करतात. त्यामुळे दोन्ही उशिरा पोहोचले, तरी त्यांचे परस्परांशी असलेले नाते बिघडत नाही आणि शिक्षकाला ताल तपासता येतो. तीनतालाची सम आणि नवव्या मात्रेवरची खाली मूल हाताने नीट दाखवते की नाही, हे पाहण्यासही हीच रीत उपयोगी पडते.

तंबोऱ्याला गोंगाट समजणारे यंत्र

दुसरी अडचण आवाजाच्या प्रतीची. व्हिडिओ कॉलची साधने बोलण्यासाठी तयार झाली आहेत. एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असे गृहीत धरून ती तो पुसून टाकतात. तंबोऱ्याचा अखंड नाद त्यांच्या दृष्टीने याच जातीचा ठरतो. लांबवलेला आकार मध्येच तुटल्यासारखा ऐकू येतो, तोही यामुळेच. शिवाय आवाजाची पातळी आपोआप कमी-अधिक करणारी सोय असते. ती तबल्याच्या ठसठशीत थापेनंतर पुढचे नाजूक बोल दाबून टाकते.

यावर उपाय आहे. ‘झूम’मध्ये ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय असून २०२० मध्ये तिला संगीतासाठीच्या उच्च प्रतीच्या ध्वनीची जोड मिळाली. ही सोय दोन्हीकडे चालू करावी लागते. इतर साधनांतही गोंगाट काढून टाकण्याचा पर्याय शोधून बंद करावा. मात्र तसे केल्यावर प्रतिध्वनी येऊ नये म्हणून हेडफोन लागतो आणि तो तारेचाच असावा. ब्लूटूथ हेडफोन स्वतःचा आणखी विलंब वाढवतो. त्याचा माइक सुरू झाला, की आवाजाची प्रतही बहुधा घसरते. मुलाने एकच कान झाकावा आणि दुसऱ्या कानाने खोलीतला तंबोरा व स्वतःचा आवाज ऐकावा. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून खर्जाची तार नीट उमटत नाही. त्यामुळे तंबोऱ्याचे ॲप दुसऱ्या फोनवर लावून तो बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरला जोडणे हितावह असते.

सूर दाखवणाऱ्या ॲपचा गंधार

मुलाचा सूर पडद्यावर काट्याने दाखवणारी अनेक ॲप हल्ली मिळतात. मुलांना ती खेळासारखी वाटतात आणि षड्ज-पंचम स्थिर करण्यास त्यांचा उपयोगही होतो. पण यातील बहुतेक ॲप पेटीप्रमाणे सप्तकाचे बारा समान भाग पाडून सूर मोजतात. दोन शेजारच्या पट्ट्यांमधील अंतर १०० सेंट धरले, तर अशा ॲपचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो. तंबोऱ्याच्या नादातून स्वयंभू उमटणारा गंधार मात्र ३८६ सेंटच्या आसपास असतो. तंबोऱ्यात सुरेल गंधार लावणाऱ्या मुलाला ॲप ‘सूर उतरला’ असे सांगते. मुलाने काट्याचे ऐकले, तर भूप किंवा यमनाचा गंधार चढा लागू लागतो. पंचमात हा फरक जेमतेम दोन सेंटचा असल्याने तो जाणवत नाही. तेव्हा असे ॲप षड्ज-पंचमापुरते वापरावे आणि बाकी निवाडा तंबोऱ्यावर व कानावर सोपवावा, हेच योग्य.

वाद्य आणि कॅमेरा

वाद्य शिकताना आवाजाइतकाच हातही दिसावा लागतो. पेटीसाठी कॅमेरा वरून असावा. तबल्यासाठी तो समोरून किंचित उंचावर ठेवला, तर दोन्ही हातांची बोटे दिसतात. सतार किंवा व्हायोलिन शिकणाऱ्याची बैठक आणि मनगट बाजूने पाहावे लागते. पुढच्या कॅमेऱ्यातले स्वतःचे चित्र आरशासारखे उलटे दिसते, याची लहान मुलांना कल्पना द्यावी. सेकंदाला साधारण ३० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात द्रुत लयीतला ‘तिरकिट’ बोटनिशी कळत नाही. अशा वेळी शिक्षकाने तो बोल संथ वाजवून मुद्रित करावा. मुलाला तो हवा तितक्या वेळा, अर्ध्या वेगानेही पाहता येतो. समोरासमोरच्या शिकवणीत न मिळणारा हा लाभ आहे.

मुद्रण हेच या माध्यमाचे खरे बळ होय. वर्गातील बंदिश मुलाने दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावी आणि दोन-तीन दिवसांनी आपला रियाज मुद्रित करून पाठवावा. व्हॉट्सॲपचा ध्वनिसंदेश बोलण्यासाठी बराच आक्रसलेला असतो. त्यापेक्षा फोनवर वेगळे मुद्रण करून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ प्रत टिकते. अशा मुद्रणात मुलाची लय आणि सूर शिक्षकाला थेट वर्गापेक्षाही स्पष्ट कळतात.

पालकांचे काम

साधारण सात वर्षांखालील मुलाजवळ घरातील मोठे माणूस बसलेले असणे आवश्यक आहे. तंबोरा मुलाच्या पट्टीत लावणे, कॅमेरा वळवणे आणि मान वा खांदे आखडल्यास ते शिक्षकाला सांगणे, ही कामे त्याने करावी. मध्ये बोलून सूर मात्र सुधारू नयेत. या वयात २०-२५ मिनिटांचे, आठवड्यातून दोनदा होणारे वर्ग एका लांबलचक वर्गापेक्षा अधिक फलदायी ठरतात. सामूहिक वर्गाचे गणितही तपासावे. ४० मिनिटांत दहा मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटांहून अधिक ऐकणे येऊच शकत नाही. बाकी वेळ मूल माइक बंद ठेवून गात असते आणि ते कोणीही ऐकत नसते.

अमेरिकेतील कुटुंबांना घड्याळाकडेही लक्ष द्यावे लागते. पुण्यात सकाळचे सात वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ, तर उन्हाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात. भारतात घड्याळ बदलत नसल्याने मार्च आणि नोव्हेंबरमध्ये वर्गाची वेळ नव्याने ठरवावी लागते. अन्यथा पेंगुळलेल्या मुलाला गायला बसवण्याची वेळ येते.

सुरक्षिततेचा विचारही याच ओघात यायला हवा. वर्ग घराच्या उघड्या खोलीत व्हावा, दुव्याला परवलीचा शब्द असावा आणि मुलाचे मुद्रण पालकांना विचारल्याशिवाय कोठेही प्रसिद्ध होणार नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची तरतूद आहे.

समक्ष तालमीला पर्याय नाही

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा क्रमाने होणाऱ्या परीक्षांची तयारी ऑनलाइन करणारी मुले पुष्कळ आहेत. स्वरलेखन, तालांची माहिती, रागांचे आरोह-अवरोह, अलंकार, छोट्या ख्यालाची बंदिश एवढा भाग या माध्यमातून चांगला शिकवता येतो. परंतु जिवंत ठेक्याशी खेळणे, तबलजीच्या डोळ्यांकडे पाहून समेवर येणे, दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळणे हे एकाच खोलीत बसल्याशिवाय येत नाही. साधारण बारा-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटू लागतो. तेव्हा पट्टी कधी बदलावी आणि गळ्याला किती विश्रांती द्यावी, हेही गुरूने समोर बसून ऐकूनच ठरवावे लागते.

म्हणून ऑनलाइन शिकणाऱ्या मुलाला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी, आणि परदेशी असल्यास सुटीत भारतात आल्यावर काही दिवस, समक्ष तालीम मिळेल अशी व्यवस्था करावी. जवळपासच्या कोणा तबलावादकाकडे अधूनमधून ठेक्यावर गाण्याची सोय झाली, तरी मोठे काम होते. शिकवणी ठरवताना शुल्काआधी शिक्षकाला तीन प्रश्न विचारावेत : तंबोरा कोणाच्या बाजूला वाजणार, माझ्या मुलाला एकट्याने गाण्यास किती मिनिटे मिळणार आणि प्रत्यक्ष भेट केव्हा होणार? या तिन्हींची स्पष्ट उत्तरे जेथे मिळतात, तेथे मुलाला पाठवण्यास हरकत नाही.