खटला मागे घेणे
सुरू असलेला फौजदारी खटला न्यायालयाच्या संमतीने सोडून देण्याचा सरकारी वकिलाचा अधिकार. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 मध्ये आहे. निकालापूर्वी केव्हाही अर्ज करता येतो. आरोप ठेवण्याआधी संमती मिळाल्यास आरोपी मोकळा होतो, त्यानंतर मिळाल्यास निर्दोष ठरतो.

मिरजेत (जि. सांगली) सप्टेंबर 2009 च्या गणेशोत्सवात अफझलखानवधाच्या कमानीवरून दंगल उसळली आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेले. या दंगलीतील खटले मागे घेण्याचा निर्णय पुढे राज्य शासनाने घेतला. मात्र कायद्याने असा निर्णय ही वकिलाला केलेली सूचनाच ठरते. कागदपत्रे पाहून त्याने स्वतःचे मत बनवायचे असते. नुसता टपाल्या होणे त्याला शोभत नाही. अर्ज सद्भावनेने व न्यायहितासाठी आहे का, हे न्यायालय तपासते. शिवनंदन पासवान खटल्यात (1987) सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी मर्यादित ठेवली, हे खेदजनक आहे. याच न्यायालयाच्या 10 ऑगस्ट 2021 च्या आदेशाने मात्र आजीमाजी खासदार-आमदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेण्यास मनाई झाली.

नव्या संहितेने पीडिताचे म्हणणे ऐकणे बंधनकारक केले. दंगलीत ज्याचे दुकान जळाले त्याला तोपर्यंत हा हक्क कायद्याच्या शब्दांत नव्हता. ही सुधारणा फार उशिरा आली.