निरोप पोचला, पुढे काय?

परभणी जिल्ह्यातील चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यानचे एक छोटे रेल्वे स्थानक. साधारण वीस वर्षांपूर्वी साधे मोबाइल खेड्यापाड्यांत पोचू लागले. त्या दिवसांत अशा एखाद्या गावचा माणूस कामासाठी नांदेडला गेला, की परतीच्या गाडीत बसल्यावर घरी फोन लावायचा. तिकडे एक रिंग वाजली की लगेच कट करायचा. घरच्यांना कळायचे, गाडी मिळाली. आता सायकल घेऊन स्टेशनवर जायला हवे. दोनदा रिंग वाजली तर अर्थ वेगळा: गाडी चुकली, जेवायला थांबू नका. एक पैसाही खर्च न होता निरोप पोचायचा.

‘मिस्ड कॉल’ म्हणजे खरे तर घ्यायचा राहून गेलेला फोन. आपण त्याचे ‘मिस कॉल दे’ असे करून टाकले. राहून गेलेली गोष्ट मुद्दाम देण्याची वस्तू झाली! हे कसे शक्य झाले, हे पाहण्यासारखे आहे.

फुकटची रिंग

टेलिफोनचे जाळे दोन वेगळी कामे करते. पहिले काम म्हणजे समोरचा फोन शोधणे, तो मोकळा आहे का ते पाहणे आणि घंटी वाजवणे. दुसरे काम म्हणजे आवाज वाहून नेणे. पैशांची मोजणी सुरू होते ती समोरच्याने फोन उचलल्यावर. पहिले काम फुकट होते आणि त्या फुकटच्या कामातही माहिती दडलेली होती. रिंग वाजली किंवा नाही वाजली, हे झाले एक ‘बिट’. अर्थ आधी ठरलेला असेल तर एवढी माहितीही पुरते. लाल आणि हिरवा कंदील यापेक्षा जास्त काय सांगतात?

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडत असे आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. मिस्ड कॉलच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. तोवर रिंग देऊन ‘तू मला फोन कर’ असे सुचवले, तरी पुढच्या बोलण्यातला आपला वाटा चुकत नव्हता. आता फोन बाळगणे आणि फोनसाठी पैसे मोजणे या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. त्याच वर्षी नोकियाचा ‘११००’ हा फोन आला. त्याला विजेरी होती, बटणांत धूळ शिरत नसे आणि एकदा चार्ज केला की तो कित्येक दिवस चाले. जगभरात असे २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले.

सत्तर अक्षरांची मराठी

आवाजाखेरीज दुसरी सोय होती ‘एसएमएस’ची. एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट जागा मिळते. इंग्रजी अक्षरांना प्रत्येकी ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी मात्र प्रत्येक चिन्हाला १६ बिटांची पद्धत वापरावी लागते. ११२० भागिले १६ म्हणजे फक्त ७०! शिवाय काना, मात्रा, वेलांटी, उकार ही सगळी स्वतंत्र चिन्हे. ‘चुडावा’ आपल्याला तीन अक्षरांचे दिसते, पण फोन ते च, उकार, ड, काना, व, काना असे सहा चिन्हांचे मोजतो. ‘पूर्णा’ दिसायला दोन अक्षरांचे, पण त्यातही सहा चिन्हे. साहजिकच ज्यांना जमत होते त्यांनी मराठी रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली. ज्यांना जमत नव्हते ते रिंगेवर आणि बोलण्यावर राहिले.

मोटारीला फोन

शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला अंधारातून विहिरीपर्यंत जायचे, साप-विंचू सांभाळत मोटार चालू करायची, हे मराठवाड्याला सांगायला नको. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी यावर ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केले. पंपाजवळच्या खोक्याला साधा मोबाइल जोडलेला असतो. घरून त्याला फोन लावायचा आणि ठरलेली बटणे दाबायची, की मोटार चालू किंवा बंद होते.

यामागचे विज्ञान वर्गात शिकवण्याजोगे आहे. फोनचे प्रत्येक बटण दोन ठरावीक स्वर एकदम वाजवते. उदाहरणार्थ, ‘५’ दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. हे स्वर बोलण्याच्याच वाटेने पलीकडे जातात आणि तिथले परिपथ ते ओळखते. इंटरनेटची गरज नाही. वीज आहे की नाही, मोटार चालू झाली की नाही, हेही शेतकऱ्याला उलट कळते. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत या उपकरणाला पारितोषिक मिळाले.

भाव कळला, मिळाला का?

इथवर सारे सुरळीत वाटते. पण साध्या मोबाइलच्या इतिहासातला एक धडा थोडा कडू आहे.

उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोचला. तेथील तारल्यांच्या बाजारांचा अभ्यास अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. पूर्वी एका बंदरात गिऱ्हाईक नसल्याने मासळी फेकून द्यावी लागे, तर थोड्याच अंतरावर ती मिळत नसे. पकडीपैकी ५ ते ८ टक्के वाया जाई. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच बंदरोबंदरी चौकशी करू लागले. नासाडी जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली.

त्याच २००७ साली महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू झाली. बाजारभाव आणि हवामान शेतकऱ्याच्या फोनवर मराठीतून, एसएमएसने येत. फाफशाम्प आणि मिंटेन या संशोधकांनी राज्यातल्या १०० गावांत तिचा परिणाम तपासला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरीने वाढीव भाव मिळाल्याचे दिसले नाही.

फरक कुठे पडला? आम्हाला वाटते ते असे. कोळ्याने प्रश्न विचारला, उत्तर मिळवले आणि नाव वळवली. नाव त्याची होती आणि बंदरे जवळ होती. शेतकऱ्याला आकडा मिळाला. पण टेम्पोचे भाडे, आडत्याकडून घेतलेली उचल आणि माल साठवायला नसलेली जागा या गोष्टी आकड्याने बदलत नाहीत. त्या एसएमएसला ‘मग मी काय करू?’ असे विचारताही येत नव्हते. निरोप पोचला होता, संवाद झाला नव्हता.

आपल्या दारातला प्रश्न

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा हाच प्रश्न शिक्षकांपुढे आला. व्हिडिओ आणि पीडीएफ पाठवले गेले. ज्या घरात केवळ बटणांचा फोन होता, त्या घरातली मुले ‘फोन नसलेली’ ठरली. फोन तर होता!

त्याच काळात आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात ४५०० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही मुलांच्या घरी आठवड्याला गणिताचा फक्त एसएमएस जाई. काहींना एसएमएसबरोबर शिक्षकाचा १५-२० मिनिटांचा साधा फोनही येई. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, नुसत्या एसएमएसने लक्षणीय फरक पडला नाही. फोनवर बोलल्याने मुलांचे गणित सुधारले. मूल कुठे अडले, हे ऐकणारे कोणीतरी पलीकडे होते.

साधा मोबाइल अजून इतिहासजमा झालेला नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा फोनवरून पैसे पाठवण्याची ‘१२३ पे’ ही सोय सुरू केली. तिच्या चार मार्गांपैकी एक मार्ग चक्क मिस्ड कॉलचा आहे! ज्यांच्या खिशात महागडा फोन नव्हता, त्यांनी रोजच्या वापराने रूढ केलेली ही रीत आता बँकेच्या व्यवहारात पोचली आहे.

वर्गात एवढे करून पाहा. प्रत्येकाने आपल्या गावाचे नाव घ्यावे आणि फोन ते किती चिन्हांचे मोजेल हे काढावे. बटणांचे स्वर ऐकवून, न बघता बटण ओळखता येते का ते पाहावे. एका रिंगेत, दोन रिंगांत आणि तीन रिंगांत कोणते निरोप पाठवता येतील, याची यादी गटागटाने करावी. शेवटी एक प्रश्न जरूर विचारावा: यातला कोणता निरोप असा आहे, की तो मिळाल्यावर परत फोन करून बोलावेच लागेल? त्या उत्तरांवरून कोणत्या मुलाच्या घरी आपण स्वतः फोन करायला हवा, हेही कदाचित कळेल.