शिकवण्याचे पैसे कोण देतं?

आपल्याकडे बऱ्याच घरांत एखादा डॉक्टर असतो, नाहीतर कुणाची तरी लेक रेसिडेन्सी करत असते. म्हणून आजचा विषय तसा घरचाच: डॉक्टर घडवणाऱ्या शिक्षकाला पैसे कोण देतं?

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत याचं उत्तर सोपं होतं. विद्यार्थी देत. कित्येक मेडिकल स्कूल डॉक्टरांनीच काढलेली असत आणि जमलेली फी प्राध्यापक आपसांत वाटून घेत. मग प्रवेश नाकारायचा तरी कुणाला? १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ संस्थांवर अहवाल लिहिला आणि या धंद्याचं पितळ उघडं पाडलं.

१९१३ मध्ये रॉकफेलरांच्या देणगीतून चालणाऱ्या जनरल एज्युकेशन बोर्डाने जॉन्स हॉपकिन्सला १५ लाख डॉलर देऊ केले. अट अशी, की मेडिसिन, सर्जरी आणि बालरोग विभागांच्या प्रमुखांनी पूर्णवेळ पगारावर काम करायचं; खासगी रुग्णांची फी खिशात घालायची नाही. यावर वाद पेटला. तिथले जुने प्राध्यापक विल्यम ऑस्लर यांनी ऑक्सफर्डहून विरोध कळवला. प्रयोगशाळेत रमलेला शिक्षक रुग्णांपासून दुरावेल, ही त्यांची धास्ती. मेडिसिनचे प्रमुख लुइलिस बार्कर यांनी तर पूर्णवेळ पद घेतलंच नाही.

पुढे १९६५ साली मेडिकेअर आलं. रेसिडेंटचे पगार आणि शिक्षणाचा खर्च, यांतला वाटा सरकार रुग्णालयांना देऊ लागलं. त्याच वर्षी इमिग्रेशनचा कायदा बदलला. मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्या डॉक्टरांची पहिली मोठी पिढी या दोन कायद्यांच्या आधाराने इथे उभी राहिली. १९९७ मध्ये मात्र मेडिकेअर किती जागांचे पैसे देणार, यावर मर्यादा आली.

यातली मेख अशी, की हा पैसा रुग्णालयाकडे जातो. शिक्षकाच्या हाती त्यातलं किती पडतं, हे ज्या त्या विभागाच्या हिशेबावर ठरतं. आज अनेक विभागांत डॉक्टरची कमाई तपासलेल्या रुग्णांवर मोजली जाते. रेसिडेंटला शेजारी बसवून समजावण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचं वेगळं बिल निघत नाही. आणि ज्याचं बिल निघत नाही, त्यालाच आधी कात्री लागते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी तपासणीच्या खोलीत मोठ्या डॉक्टरांसोबत शिकाऊ डॉक्टर आला आणि जरा उशीर झाला, तर कुरकुर करू नका. ती दहा मिनिटं कुणीतरी पदरमोड करून शिकवतंय. आपल्या नातवंडांचा डॉक्टर तिथेच तयार होतो आहे.