नातवास आजोबांचें नांव

गेल्या माघांत वेल्हे भागांतील एक वृद्ध गृहस्थ जुन्या कागदांचा रुमाल घेऊन आमचेकडे आले. असे रुमाल आमचेकडे येतात ते बहुधा वतनाच्या जुन्या तंट्यापायीं, अगर मोडी वाचून घेण्यासाठीं. ह्या गृहस्थांचें काम निराळें होतें. घरांत नातू जन्मला होता, बारसें चार दिवसांवर आलें होतें, आणि घराण्यांतील एखादें जुनें नांव त्यास ठेवावें अशी त्यांची इच्छा होती. सूनबाईंची हरकत नव्हती. मात्र नांव खरोखर आपल्याच पूर्वजाचें असावें, ऐकीव नसावें, एवढें त्यांचें म्हणणें. कागदांत तीन ठिकाणीं 'नारो' हें नांव निघालें. हा एकच पुरुष कीं तिघे निरनिराळे, आणि ते आपलेच कीं परके, एवढें ठरवून द्यावें अशी त्यांनीं विनंति केली. त्या निमित्तानें जीं टिपणें झालीं तीं संग्राहकांच्या उपयोगी पडतील असें वाटल्यावरून येथें सादर करीत आहों.

प्रथम शास्त्र पाहूं. पतंजलीनें महाभाष्याच्या पस्पशाह्निकांत व्याकरणाध्ययनाचीं प्रयोजनें सांगतांना याज्ञिकांचें नामकरणविषयक मत दिलें आहे. त्याचा आशय असा: नांव दहाव्या दिवसानंतर ठेवावें, त्याचा आरंभ घोषवर्णानें व्हावा, मध्यें य, र, ल, व ह्यांपैकीं एखादा अंतःस्थ असावा, आद्य स्वर वृद्धिसंज्ञक नसावा, अक्षरें दोन किंवा चार असावींत, नांव कृदन्त असावें, तद्धितान्त नसावें, तें शत्रूच्या ठिकाणीं रूढ नसावें, आणि तें 'त्रिपुरुषानूक' असावें. ह्या शेवटच्या पदाचा अर्थ कैयट असा करतो कीं, नामकरणाचा अधिकारी जो पिता, त्याच्या वरील तीन पुरुषांचा त्यांत निर्देश व्हावा. मुलाच्या नात्यानें पाहतां हे तिघे म्हणजे आजा, पणजा व खापरपणजा.

ही कसोटी भोरच्या सचिव घराण्यास लावून पाहण्यासारखी आहे. राजाराम छत्रपतींच्या कारकीर्दींत सचिवपदास चढलेल्या शंकराजी नारायणापासून ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान विलीन होईपर्यंत सुमारें अडीचशें वर्षें ह्या गादीचें काम शंकर, नारायण, चिमणाजी, सदाशिव व रघुनाथ ह्या पांचच नांवांवर भागलें. व्याकरणदृष्ट्या ह्यांपैकीं एकही नांव पुरें उतरत नाहीं. 'शंकर' व 'सदाशिव' ह्यांचा आरंभ अघोष; शिवाय 'शंकर' तीन अक्षरी. 'नारायण' घोषादि व चतुरक्षर, मध्यें रेफ व यकारही आहेत. पण आद्य स्वर वृद्धि आणि शब्द तद्धितान्त. 'रघुनाथ' चतुरक्षर खरें, परंतु मध्यें अंतःस्थ नाहीं. 'चिमणाजी' तर संस्कृतच नव्हे; तो घरांतल्या लाडाचा शब्द. परंतु त्रिपुरुषांचा नियम पाहतां उत्तर उलट येतें. शंकराजीच्या पित्याचें नांव नारायण, आणि पुत्राचें नारो, म्हणजे नारायणच. कारण त्याच्यामागून आलेला सचिव कागदांत 'चिमणाजी नारायण' असा येतो. १९२२ मध्यें गादीवर आलेल्या रघुनाथरावांचे पिते शंकरराव, त्यांच्या आधीं चिमणाजीराव, आणि त्यांच्याही आधीं रघुनाथराव. घराण्यानें वर्णांचे नियम सोडले. पुरुष सोडले नाहींत.

नांवाबरोबर हक्कही उतरतो, ह्याचें ठळक उदाहरण ह्याच प्रांतांत घडलें. शिवछत्रपति १६८० मध्यें निवर्तले. १६८२ मध्यें संभाजी महाराजांस पुत्र झाला, त्याचें नांव शिवाजी ठेविलें; तेच पुढें मोगलांच्या छावणींत शाहू ह्या नांवानें ओळखले जाऊं लागले. राजाराम महाराज १६७० मध्यें राजगडावर जन्मले. त्यांस ताराबाईंपासून १६९६ मध्यें झालेल्या पुत्राचेंही नांव शिवाजी. आजोबा एक, नातू दोन, आणि नांव तेंच. १७०७ मध्यें शाहू सुटून आले तेव्हां हे दोन नातू एका गादीचे दावेदार म्हणून समोरासमोर उभे राहिले. शंकराजी नारायण ताराबाईंच्या पक्षास शपथेनें बांधलेला. इकडे थोरल्या पातीचा वारस दाराशीं आलेला. ह्या पेचांत त्यानें अंबवडें येथें प्राणत्याग केला. त्याची समाधि तेथें आहे. शाहूंनीं सचिवपद त्याच्या घराण्यांतून काढलें नाहीं. त्याच्या अल्पवयी पुत्रास दिलें. आजोबांचें नांव धारण करणारा तो मुलगा म्हणजेच नारो शंकर.

आतां संग्राहकांस सावध करण्याचा मुद्दा. आजोबांचें नांव नातवास लागतें तेव्हां मध्यें दोन पिढ्या, म्हणजे पन्नास-साठ वर्षें जातात. आणि संवत्सरांचा फेराही साठच वर्षांचा. दोन्ही फेरे एकत्र पडले कीं वाचक फसतो. प्रमोद संवत्सर शके १६७२ मध्यें आला, शके १७३२ मध्यें आला, शके १७९२ मध्येंही आला, म्हणजे इ. स. १७५०, १८१० आणि १८७०. ह्या तिन्ही वर्षीं भोरच्या गादीवर चिमणाजीच होते! त्यांपैकीं पहिल्यानें १७५० मध्यें पेशव्यांस सिंहगड देऊन तुंग व तिकोना घेतले. दुसऱ्यानें १८२० मध्यें इंग्रजांशीं तह केला. केवळ 'प्रमोद' व 'चिमणाजी' एवढ्यावर भिस्त ठेवून एकाचा कागद दुसऱ्याच्या नांवें लावला, तर साठ वर्षांचा घोटाळा होतो. म्हणून नांवापुढील पित्याचें नांव, शिक्का, हस्ताक्षर आणि शुहूर सनाचे शतकवाचक शब्द हीं पाहिल्याखेरीज निर्णय देऊं नये. शतकाचे शब्द गाळण्याची लेखकांची खोड तर प्रसिद्धच आहे.

आणखी एक अडचण घरगुती पत्रांत येते. सुनेनें सासऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं, असा जुना रिवाज. मग त्याच नांवाच्या मुलास आईनें हांक कशी मारावी? म्हणून नाना, आप्पा, भाऊ अशीं नांवें वापरांत येतात. बाळाजी विश्वनाथाचा नातू बाळाजी बाजीराव सर्वतोमुखीं नानासाहेब झाला तो असाच. पत्रांतील 'नाना' कोण हें वंशावळीवांचून उलगडत नाहीं.

आतां त्या रुमालाकडे वळूं. पहिल्या कागदावर शक व पित्याचें नांव दोन्ही स्पष्ट होतीं. दुसऱ्यावर पित्याचें नांव वेगळें, वळण उत्तरकालीन. परंतु दोहोंत त्याच गांवची तीच तक्षीम असल्यानें हे आजा व नातू असून ह्याच घरचे, असें आम्हीं निःशंकपणें सांगितलें. तिसऱ्यावर नुसतें संवत्सराचें नांव होतें, आणि पित्याचें नांव कसरीनें खाल्लें होतें. तो नारो कोणता, हें सांगण्याचें आम्हीं नाकारलें. गृहस्थांस तिन्ही हवे होते. ते किंचित् खिन्न झाले. सूनबाई मात्र म्हणाल्या, "दोन पुरेत, गुरुजी. तिसरा माझा." जन्मदाखल्यांत 'नारायण' लिहावें आणि पाळण्यांत 'नारो' म्हणावें, असें त्यांनींच ठरविलें. जुन्या रिवाजानें आईस जें नांव उच्चारतां आलें नसतें, तें ह्या आईनें आपण होऊन घेतलें, ह्याचा आम्हांस संतोष वाटला.

बारशाचे दिवशीं वंशावळीच्या अखेरीस आम्हीं स्वहस्तें शक, संवत्सर, तिथि, वार, इंग्रजी तारीख आणि पिता, आजा, पणजा ह्यांचीं नांवें लिहून दिलीं. ज्यांचे घरीं जुनें नांव पुन्हां ठेविलें जाईल त्यांनीं एवढें अवश्य करावें, अशी आमची विनंति आहे. नांव फिरून येणें हें घराण्याचें भाग्य; पण तें कोणत्या वेळीं आलें हें लिहून न ठेवणें हा पुढच्या वाचकावर अन्याय होय. कसर कोणता कोपरा खाईल हें कोणास सांगतां येत नाहीं. म्हणून आम्हीं तो लेख दोन ठिकाणीं लिहिला आहे.